पतंग विरुद्ध हमाल

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि हडपसरला एका आयटी कंपनीत टेस्टर होते. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधणारी. स्वतःच्या शरीरातली चूक मात्र मला पाय सुजून चप्पल पायात जाईना तोवर सापडली नाही. मग मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस सुरू झालं. हाताला दोन जाड सुया, शेजारी मशीन आणि चार तास पलंगावर पडून राहणं.

यवतमाळजवळच्या गावातून आई आली. ती तिथे अंगणवाडी चालवायची. बिनपगारी रजा टाकून आली आणि माझ्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहिली. वॉर्डात नातेवाइकांना सोडत नसत, त्यामुळे ते चार तास ती बाहेरच्या बाकावर बसायची. मी कुणाशीच बोलत नसे. कानात इयरफोन घालायचा आणि मोबाईलवर सुपरहीरोंचे सिनेमे बघायचे. लहानपणापासूनचं वेड होतं ते, पण तेव्हा त्यात मजा नव्हती. वेळ मारायचा, बस.

एका मंगळवारी शेजारच्या पलंगावर दुसऱ्या हॉस्पिटलमधून बदलून नवीन पेशंट आले. पासष्टी ओलांडलेले, पांढरी छोटी दाढी, इस्त्रीचा शर्ट. डायलिसिसच्या आधी आणि नंतर प्रत्येकाचं वजन करतात. अंगात किती पाणी साठलंय आणि किती काढायचंय ते त्यावरून ठरतं. हे गृहस्थ काट्यावर उभे राहिले, उतरले, पुन्हा उभे राहिले आणि सिस्टरला म्हणाले, "सिस्टर, आपला काटा खोटं बोलतोय. तीनशे ग्रॅम जास्त दाखवतोय."

सिस्टर म्हणाली, "काका, आत्तापर्यंत कुणी तक्रार केली नाही."

"कशी करतील? चाळीस वर्षं मार्केट यार्डात काटे दुरुस्त करणारा आत्तापर्यंत इथे आजारी पडला नव्हता."

टेक्निशियनला बोलावून तपासलं. काटा खरंच तीनशे ग्रॅम पुढे होता. त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी मला हसू आलं.

गुरुवारी मी सिनेमा बघत होते. एक उडणारा हीरो एका अफाट ताकदीच्या हीरोशी लढत होता आणि दुसरा त्याच्यावर ट्रक भिरकावत होता. शेजारून आवाज आला, "मॅडम, माफ करा, मी मघापासून चोरून बघतोय. तो ट्रक उचलतो, ते ठीक आहे. पण उभा कशावर आहे?"

मी इयरफोन काढला. "रस्त्यावर."

"भरलेला ट्रक वीस टनांचा. ट्रकला दहा चाकं असतात, भार वाटला जातो. हा दोन पायांवर उभा. रस्ता खचायला नको? आमच्याकडे हमाल दोन पोती घेऊन फळीवरून चालला तर फळी वाकते."

आता चुका काढणं ही माझी नोकरी. कुणी माझ्या हीरोच्या चुका काढतंय म्हटल्यावर मी उठूनच बसणार होते, पण हाताला सुया. पडल्या पडल्याच म्हणाले, "आणि उडणारा? त्याचं काय चुकलं?"

"त्याचं सगळंच चुकलंय. पण तो पोरगा दिसायला बरा आहे."

तिथून आमचा वाद सुरू झाला आणि तो आठवडे, महिने चालला. मी त्यांना चाचा म्हणायला लागले. सिनेमातली इंग्रजी नावं चाचांच्या लक्षात राहत नसत. त्यांनी हीरोंना आपल्या मनाने नावं दिली. उडणारा तो पतंग. ताकदवाला तो हमाल. मी पतंगाच्या बाजूची. चाचा अर्थातच हमालाच्या बाजूचे. "यार्डातली माणसं सोडून मी आकाशातल्या माणसाला मत देऊ? घरी तोंड काय दाखवू?"

मी म्हणायचे, पतंग वरून दगड टाकेल, हमाल काय करणार?

"दगड आणला कुठून? खालूनच ना? मग उचलायला खाली यावं लागलं. आला की हमालाने पाय धरला."

"डोंगरावरून उचलेल."

"मग लढाई डोंगराजवळ नकोच. आधी जागा ठरवा. कात्रजच्या बोगद्यात ठेवा."

"बोगद्यात? चाचा, बोगद्यात पतंग उडणार कसा?"

"तेच तर म्हणतोय," चाचा शांतपणे म्हणाले.

एके दिवशी सिस्टरही त्यात पडली. तिने तिसरा हीरो आणला, ज्याची कुठलीही जखम आपोआप भरून येते. चाचांनी लगेच त्याचं नाव पाल ठेवलं, कारण पालीचं शेपूट पुन्हा येतं. सिस्टर म्हणाली, पालच जिंकणार, दोघंही थकतील आणि हा उभाच राहील. यावर समोरच्या पलंगावरच्या आजी, ज्या कधी कुणाशी बोलत नसत, डोळे न उघडता म्हणाल्या, "त्याची किडनी गेली तर परत येते का गं?"

वॉर्डातले सगळेच हसत सुटले. चाचांचं मशीन हात हलल्यामुळे ओरडायला लागलं. दारातून आईने घाबरून आत डोकावलं.

घरी जाताना रिक्षात तिने विचारलं, "एवढे हासत काहून होते तुमी?"

मी सांगितलं. तिला काही झेपलं नाही. पण ती म्हणाली, "हासत जाय. बरी दिसतं."

याच सुमाराला तिच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले. तिची किडनी मला जुळत होती. तिने मला न विचारता तपासण्या करून घेतल्या होत्या. डॉक्टर खूश, आई खूश. मी नाही म्हणाले. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. छप्पन्न वर्षांची बाई, गावात एकटी राहणारी, तिच्या पोटावर चिरा मारून तिचा अवयव आपण घ्यायचा आणि पुढे तिलाच काही झालं तर? मी किडनीच्या प्रतीक्षा यादीत नाव घालू म्हणाले, थांबू म्हणाले. आईने वाद घातला नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा बाकावर जाऊन बसली. असे तीन महिने गेले. सिस्टरमुळे वॉर्डात सगळ्यांना ते कळलं होतं, पण कुणी बोलून दाखवत नसे. मला वाटलं, विषय संपला.

मग एका शनिवारी चाचा आणि मी पतंगाच्या थंडीबद्दल भांडत होतो. इतक्या उंचावर त्याला हुडहुडी भरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि छत फिरायला लागलं. कानात पाणी शिरल्यासारखा आवाज, मग काळोख. माझं ब्लडप्रेशर एकदम खाली गेलं होतं. नंतर कळलं की चाचांनी एवढ्या मोठ्याने हाक मारली की दोन मजल्यांवर ऐकू गेली. डोळे उघडले तेव्हा माझे पाय उशांवर होते, सिस्टर सलाईन सोडत होती आणि आई आत आली होती. कुणी तिला अडवलं नव्हतं. ती माझे तळवे चोळत होती. रडत नव्हती.

सिस्टर तिला म्हणाली, "बसा इथे आजच्या दिवस."

थोड्या वेळाने मला बरं वाटलं, तरी वॉर्डात सगळे गप्प होते. चाचांना ते सहन झालं नसावं. ते आईला म्हणाले, "ताई, आता आलाच आहात तर निकाल द्या. आपली लेक आणि मी पाच महिने भांडतोय." आणि त्यांनी तिला सगळं समजावलं. पतंग काय करतो, हमाल काय करतो, बोगदा का हवा.

आईने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या पतंगाले झोप लागते का?"

"लागत असेल," मी म्हणाले.

"भूक?"

"लागते."

"मंग हमाल जिंकते. त्यानं कायले दगड फेकाचे? खाली बसून राहाचं. माह्या अंगणवाडीतले पोट्टे चिंचेवर चढून बसतात, उतरत नाही म्हणतात. मी वरडत नाही. झाडाखाली बसून भाजी निवडते. खिचडीचा वास गेला का येतात बरोबर खाली."

चाचा तिच्याकडे बघून हळूच हसले. "ताई, बाहेरच्या बाकावर आपण इतके महिने का बसलाय, ते आत्ता कळलं मला."

आईने पुन्हा माझे तळवे चोळायला घेतले. मी भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या मंगळवारी चाचांनी वादाचं नाव काढलं नाही. सुया लागल्या, मशीन सुरू झालं, आणि मग ते म्हणाले, "बेटा, एक विचारू? आपण नाही का म्हणता?"

मी माझी सगळी कारणं सांगितली. ती मला पाठ होती.

"माझा धाकटा मुलगा देत होता," ते म्हणाले. "मीही असाच नाही म्हणालो. त्याचं लग्न व्हायचंय, त्याचं आयुष्य आहे, वगैरे. दीड वर्ष अडून बसलो. शेवटी घरच्यांनी मनवलं, हो म्हणालो. तोवर माझं हृदय बिघडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन झेपणार नाही." मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "आपण हुशार आहात. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेता. माझी चूक फुकट सांगितली."

त्यांनी डोळे मिटले. मला त्यांचा राग आला होता, हेही खरं. उरलेले तीन तास तो राग धरून ठेवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

घरी आल्यावर आई कणीक मळत होती. मी म्हटलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते न."

"मग?"

"तवा बी भीती वाटतच होती, म्हणून तुले जन्माला घालाचं सोडलं का मी?" तिने हात थांबवले. "तू तुह्याच मनानं ठरवलं, आईले झेपत नाही. मले इचारलं का एकदा तरी? मी रोज दोन हंडे घेऊन चढ चढते. तू चढून दाखव."

मी खुर्चीत बसले आणि मग खूप रडले. ती कणीक मळत राहिली, आणि म्हणाली, "झालं का? आता त्या डॉक्टरले फोन लाव."

ऑपरेशनच्या आधी एका समितीसमोर दोघींना जावं लागतं. दात्यावर कुणी जबरदस्ती तर करत नाही ना, हे ते बघतात. एका बाईंनी आईला विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" आई म्हणाली, "नाही बाप्पा. दबाव मीच टाकला हिच्यावर." समितीतले सगळे गंभीर चेहऱ्याने कागदांकडे बघू लागले. त्यातल्या एकाचे खांदे हलत होते.

सगळं सुरळीत पार पडलं. तिसऱ्या दिवशी आई भिंतीला धरून चालत माझ्या खोलीच्या काचेपर्यंत आली आणि तिकडून हातवारे करून मला विचारलं, लघवी झाली का? झाली होती. खूप झाली होती. मी अंगठा वर केला. तिने काचेपलीकडे हात जोडले, मग दुखल्यामुळे पोट धरलं आणि तरी हसली.

त्याला आता दोन वर्षं झाली. मी रोज मूठभर गोळ्या घेते, गर्दीत मास्क लावते, ऑफिसला जाते. आई चार महिन्यांत गावी परतली आणि तिची अंगणवाडी पुन्हा सुरू झाली. तिथल्या पोरांना ती आपल्या पोटावरचा वण दाखवते, असं मला मदतनीस बाईंनी सांगितलं. वाघाशी लढताना झाला म्हणते.

चाचांचं डायलिसिस चालूच आहे. मला वॉर्डात जायची परवानगी नाही, संसर्गाची भीती असते. म्हणून दर शनिवारी त्यांच्या चार तासांतला अर्धा तास मी फोनवर असते. माझ्या जुन्या पलंगावर आता कॉलेजची एक मुलगी आहे. ती पहिले दोन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडायची. चाचांनी तिला विचारलं, पाण्याखाली राहणारा हीरो असेल तर तो पतंगाला हरवेल का? ती म्हणाली, "अंकल, प्लीज." पुढच्या वेळेस तिने स्वतःहूनच एक हीरो आणला.

गेल्या महिन्यात आई तपासणीसाठी पुण्याला आली तेव्हा चाचा एका रविवारी सकाळी चाचींना घेऊन जेवायला आले. त्यांना काय चालतं ते विचारून आईने कमी मिठाचं साधं वरण आणि ज्वारीची भाकरी केली. जेवताना दोघांचं पुन्हा जुंपलं. आईचं म्हणणं, पाण्याखालच्याला बाहेर काढायला विहीर उपसावी. चाचा म्हणत होते, तो विहिरीत नाही, समुद्रात राहतो. "मंग समुद्राले काठ नाही का?" आई विचारत होती. चाची माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरी पण हेच चालतं. तू लावून दिलंस."

चार वाजता त्यांना सोडायला आम्ही खाली उतरलो. रिक्षा थांबवली, पण आई आणि चाचा रिक्षाच्या दाराशी उभे राहून बोलतच होते. रिक्षावाल्याने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग इंजिन बंद केलं.

"काका," तो म्हणाला, "कोण जिंकणार ते रिक्षात जाता जाता ठरवलं तरी चालेल. मला पण ऐकायचंय."

चाचा-चाची आत बसले. रिक्षा वळणापर्यंत गेली तेव्हा रिक्षावाल्याचं डोकं मागे वळलेलं दिसत होतं आणि त्याचा एक हात हवेत होता.

"रस्त्याकडं पाहाय म्हणा त्याले," आई म्हणाली, आणि आम्ही दोघी जिना चढायला लागलो.