हेडसरांचं मनोगत

आत्ता माझी वही बघून तुमच्यापैकी कुणीतरी म्हणालं ना, 'मावशी, तुमचं अक्षर काय सुंदर आहे'? म्हटलं म्हणून बरं वाटलं, पण खरं सांगू का, माझ्या अक्षराचं कौतुक झालं की मी अजून वही मिटून बाजूला ठेवते. ह्याच अक्षरानं मी एकदा आख्खी शाळा खड्ड्यात घातली होती. चहा उकळेपर्यंत सांगते.

औराद आणि भालकीच्या मधलं आमचं गाव. नाव राहू द्या. मैसूर राज्याचं कर्नाटक व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. बाजाराच्या मैदानापलीकडं, गावाच्या कडेला आमचं सरकारी हायस्कूल होतं. मराठी शाळा, पण नववीपर्यंतच. पुढं शिकायचं तर उदगीरला जा, न्हाई तर बीदरला. मी तेव्हा नववीतच होते. माझे बाबा गवंडी. मला शिकवायची त्यांना फार हौस होती, पण पोरीला परगावी ठेवायचा खर्च झेपणार न्हाई, हे त्यांनी आधीच सांगून टाकलेलं. म्हणजे वरचा वर्ग आमच्या शाळेला मिळाला तर माझं शिक्षण, न्हाई तर मायसोबत खुरपायला.

आणि त्याच वर्षी इन्स्पेक्टरसाहेब गॅदरिंगला येणार होते. वर्ग द्यायचा का न्हाई, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं.

आता माझ्या अक्षराचं सांगते. आमच्या गल्लीतल्या विहाराच्या भिंतीवर निळ्या रंगात जे काही लिहिलेलं असायचं ते मी लिहिलेलं. बाबा भिंत पांढरी करून द्यायचे आणि मी लिहायचे. येणारा-जाणारा थांबून बघायचा. त्यामुळं झालं काय, की मला अक्षर म्हणजे रांगोळीसारखं वाटायला लागलं. वेलांटी कशी वळवायची, उकाराला शेपूट किती, ह्यातच माझा जीव. त्या शब्दाचा अर्थ काय, वाक्य कुठून कुठं जायलंय, तिकडं माझं लक्षच नसायचं.

गॅदरिंगसाठी आमच्या मराठीच्या देशमुख बाई दरवर्षी एक हस्तलिखित काढायच्या. पोरांच्या कविता, निबंध, चित्रं, आणि पहिल्या पानावर हेडसरांचं मनोगत. आपली नदी म्हणून त्याचं नाव 'मांजरा'. आदल्या वर्षी आलेले साहेब मैसूरकडचे होते. त्यांनी कुणाला तरी अर्थ विचारला आणि पान उलटून उलटून मांजर शोधलं. मग छान आहे म्हणून ठेवून दिलं. येणारे साहेब सगळे असेच, मुखपृष्ठ बघणारे. म्हणून आम्ही निर्धास्त.

आमचे हेडसर म्हणजे गुरप्पा सर. घरात कानडी, शिक्षण निजामाच्या काळातलं उर्दूत, आणि नोकरी मराठी शाळेत. तिन्ही भाषा झकास बोलायचे, पण मराठी लिहायचं म्हटलं की हात अडायचा. आणि हातानं लिहिलेलं वाचायला तर त्यांना फारच वेळ लागायचा. म्हणून मनोगत ते तोंडी सांगायचे आणि कुणीतरी लिहून घ्यायचं. त्या वर्षी बाईंनी मला पाठवलं.

"हे बघ सुमन," बाई म्हणल्या, "सर बोलतील तसं लिहून घे. मध्ये थांबवू नको. त्यांचा धागा तुटला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मग घरी जाऊन नीट वाच, उगीचचं असेल ते गाळ, मला दाखव, आणि मग हस्तलिखितात उतरव."

चार कामं सांगितली. मी त्यातलं पहिलं आणि शेवटचं केलं.

सर खुर्चीत मागं रेलले आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांची एक सवय होती. पोरांशी, शिपायाशी, साहेबाशी, सगळ्यांशी ते एकाच सुरात बोलायचे. आवाज वर न्हाई, खाली न्हाई. त्यांनी मनोगत सुरू केलं, आणि तेवढ्यात आमचा शिपाई इस्माईलचाचा चहा घेऊन आला. त्यानंतर चाचा चार वेळा आत-बाहेर झाला. सर डोळे मिटूनच माझ्याशी बोलायलेत आणि डोळे मिटूनच चाचाशी बोलायलेत. मला कळत नव्हतं असं न्हाई हो. पण बाईंनी थांबवू नको म्हणलेलं. हात चालू ठेवला, म्हटलं घरी गेल्यावर बघू.

घरी गेल्यावर मी बोरू तासला. लाल शाईनं चौकट काढली, कोपऱ्यात वेल काढले. मग काळ्या शाईनं दोन दिवस बसून एकेक अक्षर उतरवलं. बाई त्याच दिवसांत बहिणीच्या लग्नाला उदगीरला गेल्या. आल्या त्या गॅदरिंगच्या सकाळी. पान बघितलं आणि म्हणल्या, "अगं बाई, छापल्यासारखं झालंय." वाचायला त्यांना सवड कुठली? नाटकातल्या राजाला ताप आलेला.

हस्तलिखित टेबलावर मांडलं. सगळे मास्तर येऊन बघून गेले. गावातले दुकानदार येऊन बघून गेले. सगळ्यांनी अक्षराची तारीफ केली, वाचलं एकानंबी न्हाई. हेडसरांनी स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणले, "मोती हायत, सुमन. मोती." मी दिवसभर जमिनीवर नव्हते.

साहेब आले. उंचेपुरे, अंगानं चांगले भरलेले. चाचानं त्यांना सरांच्या ऑफिसातली सागवानी खुर्ची दिली. हार झाले, स्वागतगीत झालं. मग साहेबांनी 'मांजरा' हातात घेतलं, आणि आमचं नशीब असं, की हे साहेब निघाले बेळगावकडचे. मराठी माझ्यापेक्षा चांगलं वाचणारे.

"इतकं सुंदर अक्षर मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही," साहेब लाऊडस्पीकरमध्ये म्हणले. "मुख्याध्यापकांचं मनोगत मीच तुम्हाला वाचून दाखवतो."

मी पहिल्या रांगेत. माझे बाबा मागं, कामावरून तसेच आलेले, चुन्याच्या हातानं बसलेले. मी मागं वळून त्यांना खूण केली, की हे माझं.

साहेब वाचायला लागले. "विद्यार्थी मित्रहो, शिस्त हा जीवनाचा पाया आहे. पायावर सांडशील, चहा हिकडं ठेव."

मांडवात कुणाला काही कळलं न्हाई. साहेब थांबले. एकदा कागदाकडं बघितलं, एकदा सरांकडं. मला वाटलं आता खाली ठेवतील. पण त्यांनी चष्मा नीट केला आणि त्याच गंभीर आवाजात पुढं सुरू केलं.

"ज्ञान हे असे धन आहे की ते कोणी चोरू शकत नाही. तरी कपाटाला कुलूप लाव. आपल्या शाळेने यंदा मोठी प्रगती केली आहे. दोन फुटली म्हणतोस, ऱ्हायली किती. थोर पुरुषांची चरित्रे आपल्याला हेच सांगतात. एकवीस दिवस तिला हलवायची न्हाई."

आता पोरं हसायला लागली. देशमुख बाईंनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतंय. हेडसर डोळे मिटून बसलेले, पण ह्या वेळी सवयीनं न्हाई.

"ग्रंथालय हे शाळेचे हृदय आहे," साहेब वाचायलेत, "तिथं कोंबडी बसलीया म्हणून कुणाला सांगू नको. साहेबाला तर बिलकुल न्हाई. आणि त्येंला मजबूत खुर्ची दे. मागच्या येळचे साहेब बसले ते खुर्चीसकट खाली गेले. मुलांनो, देश तुमच्याकडे आशेने पाहत आहे. तुमचा, गुरप्पा."

लाऊडस्पीकर बाजारापर्यंत ऐकू जायचा. तिकडूनसुद्धा हसण्याचा आवाज आला. वाचणारे साहेब सोडले तर मांडवात न हसणारी माणसं तीनच. हेडसर, मी, आणि माझे बाबा. बाबांना वाटलं मनोगत असंच असतंय. शेजारच्याला म्हणायलेत, "बराबर हाय की. कपाटाला कुलूप पायजेच."

साहेबांनी हस्तलिखित हळूच मिटलं आणि म्हणले, "गुरप्पा, चला. शाळेचं हृदय बघू."

सगळे निघाले. मी पण मागं मागं, पाय ओढत. मनात एकच, गेला वर्ग. माझा तर गेलाच, पण माझ्यापायी सगळ्यांचा गेला. आणि सरांची नोकरी गेली तर?

ग्रंथालय म्हणजे ऑफिसच्या बाजूच्या खोलीतलं एक लाकडी कपाट. चाचानं किल्ली काढली, सरांनी ती घेऊन स्वतःच कुलूप उघडलं. वरच्या खणात पुस्तकं होती, थोडीशीच, एकमेकांना टेकून उभी. मधला खण रिकामा. खालच्या खणात वाळलं गवत, आणि त्यात चाचाची तांबडी कोंबडी, अंग फुगवून बसलेली. तिनं साहेबांकडं असं बघितलं, की साहेबच एक पाऊल मागं झाले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"कोंबडी हाय, साहेब," सर म्हणले.

"ते दिसतंय. इथं कशी?"

सरांनी जरा विचार केला. ते खोटं बोलणारे नव्हतेच, त्यात आता खोटं बोलायला जागाही उरली नव्हती. त्याच सपाट सुरात ते म्हणले, "साहेब, सुट्टीत कपाट उघडं ऱ्हायलं. दोन खण रिकामे दिसले, म्हणून ती येऊन बसली. मी तीन वरसं झाली पुस्तकं मागायलोय. खणात पुस्तकं असती, तर ती बिचारी बसली असती कुठं?"

साहेबांनी रिकाम्या खणात वाकून बघितलं.

"मग कळल्यावर उठवली का नाही? तुम्ही तर लिंगायत, अंडंसुद्धा न खाणारी माणसं."

"म्हणून तर न्हाई उठवली, साहेब. चाचा म्हणला, आता उठवली तर अंडी वाया जातेत. आजचा अठरावा दिवस हाय."

साहेबांनी कपाटाचं दार स्वतःच हळू लोटलं. मग वळून म्हणले, "हे मनोगत लिहिलं कुणी?"

बाईंनी मला पुढं केलं.

"तू लिहिलंस?"

"व्हय, साहेब."

"लिहिताना वाचलं होतंस का?"

"न्हाई, साहेब."

"मग लिहिलंस कसं?"

"बघून," मी म्हणलं.

तेव्हा साहेब पहिल्यांदा हसले. असे हसले, की त्यांना त्या सागवानी खुर्चीवर परत नेऊन बसवावं लागलं. मला मात्र रडू फुटलं. मी सरांच्या पायाशी गेले आणि म्हणलं, "सर, चुकलं माझं. मला काढून टाका, पण वर्ग जाऊ देऊ नका."

सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडायलीस कामून, पोरी? तीस वरीस झालं मी बोलायलोय. माझा शब्द न् शब्द कुणी ऐकून घेतला, तर तू. माझ्या घरात बी कुणी घेत न्हाई."

बाई मात्र दुसऱ्या दिवशी बोलल्या. चांगलं अर्धा तास बोलल्या. मी खाली मान घालून ऐकलं. त्यातलं काहीच मी लिहून घेतलं न्हाई.

साहेबांनी जाताना शाळेच्या वहीत लांबलचक शेरा लिहिला होता. मराठी शाळा म्हणून मुद्दाम मराठीत. पण घाईतलं अक्षर, कोंबडीच्या पायासारखं. सरांना तर ते लागतच नव्हतं. त्याची एक चांगली नक्कल करून बीदरच्या ऑफिसला पाठवायची होती, आणि त्यावरच आमच्या वर्गाचं ठरणार होतं. सरांनी मलाच बोलावलं. म्हणले, "तुझ्याबिगर कोण करणार? नीट कर." सर असे होते. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता जीव ओतून करायचं. मी कोरा कागद आणला. बारीक बोरू घेतला. साहेबांचं एकेक वाकडं अक्षर बघून बघून असं देखणं उतरवलं, की एक काना इकडचा तिकडं न्हाई. वाळवलं, आणि बाईंच्या हातात नेऊन दिलं.

बाईंनी ह्या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा फुलला. मग शेवटाला आल्या आणि पदर तोंडाला लावला.

"सुमन, वर्ग मिळणार बघ. पुस्तकं बी मिळणार. पण शेवटची ओळ बघितलीस का?"

"बघितली की, बाई. कामून, काही वाकडं झालंय?"

बाईंनी कागद माझ्यापुढं धरला. माझ्याच मोत्यासारख्या अक्षरात, कोपऱ्यात वेल काढून, मी लिहिलं होतं: 'हस्तलिखिताची लेखनिक कु. सुमन हिचे अक्षर अत्यंत सुंदर आहे. तिला आता वाचायला शिकवावे.'