राखेतली नळी

परवा गंगूची राख सावडताना बोटाले काहीतरी टोचलं. फुकून पाहिलं, तं ज्वारीच्या दाण्याएवढी धातूची नळी. बुलढाण्याच्या दवाखान्यातल्या औषधाचा वास थेट नाकात शिरला.

तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं, आमचं नवं लग्न. कडबा तोडताना विळा सटकला आन् तिच्या कोपराच्या आतली शीर तुटली. दंड आवळून मी तिले बैलगाडीत नेलं. हात गार पडला होता.

डाक्तर म्हणाला, "हात कापावा लागेल. नाहीतर ही नळी, मीच बनवली आहे. शिरेचं तोंड हिच्यातून काढून बाहीसारखं उलटवायचं, दुसरं टोक वर चढवून रेशमानं बांधायचं. पण आजवर कुत्र्यांवरच केलंय."

"कुत्र्याले जमलं, तं मले काऊन नाही जमणार?" गंगू म्हणाली.

पण सुजलेल्या हातातल्या बांगड्या निघेनात. नर्स फोडायले आली, तशी ही ओरडली, "माहा नवरा जिता हाय! हात लावू नको!"

"अवं, हात राह्यला तं नव्या भरशीन!" मी म्हणालो.

"मंग तुमीच फोडा."

मीच फोडल्या. काच माह्याच हाताले लागली.

तिचा हात वाचला. त्याच हातानं तिनं जन्मभर भाकरी थापल्या. मी जिता असताना गेली. तिच्या मनासारखं झालं, माह्या नाही. बायांनी त्याच हातात हिरव्या बांगड्या भरून तिले चितेवर ठेवलं. राखेत त्यांचा काळा गोळा झाला होता. नळी मात्र धड होती. डाक्तरनं चांगलीच बनवली होती. तिच्यातून वाहणारं रगत तेवढं उरलं नाही.