केलं की केळ

बाळगोंडा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावच्या वडगावात आमच्या पॉवरलूमच्या खोलीत होतो, आणि आधी तो फोन मला समजलाच नाही. माग चालू होते. निपाणीहून त्याचा पुतण्या रडत काहीतरी सांगत होता आणि मी आपला "कोण गेलं? कुठं गेलं?" असं विचारत बसलो. बाळगोंडा जाणं शक्यच नव्हतं ना… त्याच दुपारी त्यानं मला फोन केला होता. खरं म्हणजे तो फोनही मला नीट समजला नव्हता. आता कित्येक आठवडे झाले, पण माझा सगळा घोळ त्या दुपारच्या फोनपाशीच अडकून पडलाय.

त्या फोनमध्ये मागं नुसती धडधड होती. त्या धडधडीतून तो एकच शब्द दोनदा ओरडला आणि फोन कट झाला. "केलं! केलं!" असं मला वाटलं. किंवा "केळ! केळ!" बाळगोंडाच्या जैन घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि एका वाक्यात दोन्हीकडं फिरून यायची त्याची खोड. मराठीत केलं म्हणजे काम झालं, सुटलो. कन्नडमध्ये केळ म्हणजे ऐक. पण एखाद्याला विचार, काही माग, असं म्हणायलाही तिथं केळच! ल आणि ळ मधला फरक त्या धडधडीत कुठला कळायला? मी उलट फोन लावला, त्यानं उचलला नाही. आमच्याकडं सीमेवर रेंज येते-जाते, म्हणून मी पुन्हा कामाला लागलो.

आम्ही बेळगावच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. पुढं मी घरच्या मागावर बसलो, तो निपाणीत शेती आणि पंपाच्या सामानाचं दुकान बघू लागला. पन्नाशी उलटल्यावर त्याच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे, त्यानं जुन्या गाडीच्या डिकीत सबवूफर, म्हणजे ढोलासारखा घुमणारा मोठा स्पीकर, बसवायचं ठरवलं आणि त्याचा खोकाही स्वतःच करायला घेतला. कांदा-लसूण न खाणारा, दिवस मावळायच्या आत जेवणारा, वरातीतला डीजे दिसला की कानात बोटं घालून गल्ली बदलणारा हा माणूस! त्याचे आप्पा बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, भजनाला डग्गा वाजवायचे, एवढं मला माहीत होतं. गाडीतही तो भजनंच लावायचा. "डग्गा नुसता वाजून उपयोग न्हाय रं, तो अंगावर आला पायजे," म्हणायचा. आप्पांसाठी हे सगळं चाललं होतं का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

पहिला खोका डिकीत गेलाच नाही. पठ्ठ्यानं डिकीचं माप बरोबर घेतलं होतं, फक्त प्लायवूडची जाडी धरायची विसरला. त्याची बायको, आमच्या सुमती वहिनी, म्हणाल्या, "जोंधळं तरी ठेवू या त्यात." तर म्हणतो, "भोक पाडलंय की स्पीकरचं, उंदरं शिरत्याल." दुसरा खोका बसला. स्पीकर मागं ढकलतो ती हवा बाहेर पडायला त्यानं शेतातल्या पाणी सोडायच्या पाइपाचा तुकडा कापून खोक्यात बसवला. हवा त्या पाइपातूनच गेली पाहिजे, सांध्यातून निसटली की आवाज फाटतो, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी तो पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून फिरवायचा आणि धूर जिथं हलेल तिथं डिंकात कालवलेला भुसा भरायचा. "देवाला लागल्या न्हाईत एवढ्या उदबत्त्या ह्या खोक्याला लागल्या," असं वहिनी येईल त्याला सांगायच्या.

आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर परीक्षेला मी. मी म्हणायचो, "लेका, माझे कान मागानं खाल्लेत, मला काय कळणार?"

"म्हणून तर तुला बोलावलं. कानवाली माणसं नुसतं वाजतंय म्हणत्यात. तू छातीवर हात ठेव, आणि लागतंय काय सांग."

मी हात ठेवायचो. काही लागायचं नाही. मी "न्हाय" म्हणायचो, आणि हा हसत हसत पुन्हा खोका उतरवायचा.

त्या दिवशी ऊन कलल्यावर वहिनी त्याला जेवायला हाक मारायला बाहेर आल्या. गाडीत भजन चालू होतं आणि बाळगोंडा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

त्याच्या फोनात शेवटचा नंबर माझाच होता. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी पहिलं हेच विचारलं, "शेवटी तुमास्नी काय म्हणाले, अण्णा?" मी जसं ऐकलं होतं तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "केळ? म्हंजे कायतर मागत हुते. दुखत असंल. आणि मी आत भाकऱ्या थापत बसलते…" केलं म्हणाला, खोका जमल्याचं सांगत होता, असं ठणकावून सांगितलं असतं तर त्यांची सुटका झाली असती. पण मला तसं वाटायचं ते मी तसं ऐकलं म्हणून, की मला तसं हवं होतं म्हणून? नंतर प्रत्येक फोनवर त्या तेच विचारायच्या, मी चाचरायचो, आणि फोन ठेवल्यावर मला रडू यायचं.

गेल्या रविवारी पुन्हा निपाणीला गेलतो. वहिनींनी चहा दिला आणि गाडीची किल्ली उचलली. "तुमी कट्ट्यावर बसा. मी आतनं फोन करते." काचा वर करून त्यांनी भजन लावलं आणि फोनवर ओरडल्या. मला ऐकू आलं ते मी मोठ्यानं सांगितलं, "केळ!" त्यांनी काच खाली करून मान हलवली. "न्हाय, मी केलं म्हणलते." पुन्हा ओरडल्या, मी पुन्हा चुकलो. खाली उतरल्या तेव्हा त्यांचा घसा बसला होता.

"अण्णा, ह्यात पोटातनं वरडावं लागतंय वो. छातीत कळ आलेला माणूस असं वरडंल काय?"

मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. मी तसंच सांगितलं. पण त्या स्वतःशीच "न्हाय वरडणार," म्हणाल्या आणि घरात जाऊन उदबत्ती घेऊन आल्या.

डिकी उघडून त्यांनी ती आधी सांध्यांवरून फिरवली, धूर कुठंच हलला नाही; मग पाइपाच्या तोंडाशी धरली. भजन चालूच होतं. डग्ग्यावर थाप पडली की धूर पाइपात ओढला जायचा, पुन्हा बाहेर यायचा. मग वहिनी अगदी त्याच्यासारखं म्हणाल्या, "हात ठेवा छातीवर. लागतंय काय?"

आजवर प्रत्येक वेळी मी न्हाय म्हणत आलो होतो.

"लागतंय, वहिनी," मी म्हणालो. "लई लागतंय."