काम कुणाचं?

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात रोबोटची स्पर्धा पहिल्यांदाच भरणार होती. मी शेवटच्या वर्षाला, संघात वर्गातली दोन मुलं आणि मी. नियमांचा कागद महिनाभर आधीच हातात पडला होता. आठ फुटी प्लायवूडवर थर्माकोलचे बारा ठोकळे ठेवलेले, ते यंत्रानं उचलून कोपऱ्यातल्या चौकोनात न्यायचे. वेळ तीन मिनिटं, यंत्राचं वजन पाच किलोच्या आत, शिट्टी झाली की हात लावायचा नाही. आणि सगळ्यात खाली लिहिलेलं, यंत्राचा प्रत्येक भाग विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेला असावा, नाहीतर संघ बाद.

हा खालचा नियम वाचून आम्ही हसलो. कोल्हापुरात राहायचं आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत काम करून घ्यायचं नाही? मग जगायचं कशाला! माझे वडील, आप्पा, तिथंच पंचवीस वर्षं लेथवर. ठोकळा पकडायचा जबडा आणि त्याची उघडझाप करणारा आट्यांचा दांडा त्यांनी दोन रविवार घालवून केला. मी शेजारी उभी राहून चहा देत होते, एवढीच माझी इंजिनिअरिंग. हसायला काय जातंय म्हणा, पण आमचा वर्षाचा प्रोजेक्टही याच यंत्रावर होता. बाद झालो असतो तर तिघांचीही डिग्री लटकली असती.

स्पर्धेच्या दिवशी आप्पा कामावर खाडा करून कळंब्याच्या घरून सायकलनं आले. मी या म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. खाकी शर्टातच, बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे पुढं उभे राहिले.

आम्ही अकरा ठोकळे नेले. बाकी कुणाचं सातच्या पुढं गेलं नाही. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी आमचं यंत्र उचललं, जबडा दोनदा उघडून मिटला आणि म्हणाले, "वा! काय फिनिश आहे. हे काम कुणाचं?"

आता उद्यमनगरची एक रीत आहे. मालकानं तयार भाग हातात घेऊन "काम कुणाचं?" विचारलं की ज्याचं असेल त्यानं जागच्या जागी "माझं" म्हणायचं. चांगलं असो, बिघडलेलं असो. गप्प बसणाऱ्याला तिथं कुणी माणसात धरत नाही. दोरीपलीकडून आप्पांचा खणखणीत आवाज आला, "माझं हाय की, साहेब!"

परीक्षकांनी नियमांचा कागद काढला, चष्मा वर केला. "तुम्ही कोण यांचे?"

आप्पांनी तोंड उघडायच्या आत मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "आमचे शेजारी आहेत, सर. त्यांना सवयच आहे मध्ये बोलायची." वर हसलेसुद्धा. स्वतःची लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. दाताच्या डॉक्टरानं सुई दिल्यावर गाल होतो तसं आतलं सगळं बधिर.

आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग परीक्षकांना म्हणाले, "व्हय साहेब, शेजारीच हाय. पोरीनंच केलंय सगळं, म्या बघितलंय. आपलं उगंच तोंडातनं गेलं." लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "पावणं, पुढच्या वर्षी तुम्हीच उतरा की!" त्यावर आप्पाही हसले.

पहिला नंबर आमचा आला. "लई भारी सावरलंस," म्हणून संघातल्या दोघांनी माझी पाठ थोपटली. टाळ्या वाजल्या, त्या मला ऐकू आल्या, बस्स. दोरीपाशी बघितलं तर आप्पा निघून गेले होते.

घरी गेले ती कानाखाली आवाज निघेल म्हणूनच. निघायला हवा होता, मेला. पण आप्पा आईला स्पर्धा रंगवून सांगत बसले होते. अकरावा ठोकळा कसा घसरता घसरता धरला, हे हातवारे करून. शेजाऱ्याचं अवाक्षर नाही. मीही काढलं नाही. माफी मागायला आधी काहीतरी वाटावं लागतं, आणि मला त्या आठवड्यात भूकसुद्धा लागत नव्हती. समोर आलेलं ताट संपवायचे, कॉलेजला जायचे, यायचे.

तीन आठवड्यांनी बक्षीस समारंभ होता. विजेत्यांनी आईवडिलांना घेऊन स्टेजवर यायचं होतं. सकाळी मी आप्पांचा पांढरा सदरा इस्त्री केला आणि अंगणात नेला. ते सायकलची चेन बसवत होते.

"आप्पा, आवरा. दहाला पोचायचंय."

त्यांनी वर बघितलं. राग नव्हता, काही नव्हतं. काळे झालेले हात फडक्याला पुसत म्हणाले, "आईला घेऊन जा, बाळ. मी कसा येऊ? तिथं मी शेजारी हाय की."