तडा विचारल्याशिवाय सांगायचा नाही

मोठे काका जुन्या सामानाचा लिलाव पुकारायचे. कपाटाचा तुटका पाय हमखास भिंतीकडे! "माल दाखवायचा, तडा विचारल्याशिवाय सांगायचा नाही," हे त्यांचं ब्रीद.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला. किरणं दिली, कॅन्सर गेला. "सुटलात हो एकदाचे!" म्हणत पाहुणे यायचे आणि पाठ वळली की नाकाला रुमाल लावायचे. कारण उरलं ते शिसारी आणणारं होतं. थुंकी आटलेली, ओठापासून रुमालापर्यंत सरसासारखी तार. घासागणिक पाणी, तरी ठसका, आणि शिंतोडे समोरच्याच्या ताटात. दात मुळाशी काळे. वास असा, की मांजरसुद्धा मांडीवरून उतरलं.

मग खालची दाढ ठणकायला लागली.

"उपटून टाका ती घाण!" काकू किंचाळली. "घरभर दरवळतेय."

हॉस्पिटलने कागदावर लिहून बजावलं होतं, आम्हाला विचारल्याशिवाय दात काढायचा नाही. किरणं लागलेलं हाड भरून येत नाही, कुजतं. तो कागद होता कपाटात, सगळ्यात खाली.

गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्म घेतला. "जुना काही आजार?"

"छे!" काका म्हणाले. आजार तर गेला होता; तडा कुठे कोणी विचारला होता? काकूही गप्प. तिला दाढ जायला हवी होती.

"आ करा."

तोंड उघडलं जेमतेम दोन बोटं.

"मोठा आ, काका!"

"एवढाच होतो."

पक्कड हातातच राहिली. "एवढाच? का बरं? काय झालं होतं जबड्याला?"

आता तडा विचारला होता. काका उठून बसले, तार पुसली आणि फाटक्या आवाजात पुकारलं, "एक जबडा! वापरलेला. दोन बोटं उघडतो. थुंकी नाही, चव नाही. खालच्या हाडाला तेहेतीस वेळा किरणं. आहे तसा, आहे तिथे. बोला!"

बाईंनी पक्कड ठेवली, हॉस्पिटलला लावायला फोन उचलला. "मघाशी मूग गिळून बसला होतात? मी ओढली असती ना ती दाढ!"

हॉस्पिटलने सांगितलं, आतली नस साफ करा, दाढ राहू दे.

"म्हणजे वास राहणार?" काकू.

"कमी होईल," बाई म्हणाल्या.

"बोली आली नाही," काका तार पुसत म्हणाले. "माल परत घरी."

काकूने नाक दाबलं, आणि दुसऱ्या हाताने नवा रुमाल पुढे केला.