समईकडे बघ

माझं अर्धं आयुष्य डहाणूच्या बाजारात मासळी विकण्यात गेलं. दोन हजार सोळा साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मला समोरच्या माणसाचं तोंड दिसेनासं झालं. लुगडं दिसे, हातातली पिशवी दिसे; चेहऱ्याच्या जागी मात्र करडा डाग. डॉक्टर म्हणाले, वयामुळे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसत राहील, पण गेलेली नजर परत यायची नाही. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं मी ओळखेना, ती दुखावून पुढे जात. शेवटी मी बाजारात बसणंच सोडलं.

त्याच वर्षी सुनेबरोबर विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला गेले, ती भक्तीने नव्हे. इतकी वर्षं न चुकता आले, मग माझ्याच डोळ्यांवर का घाला, एवढं तिला विचारायचं होतं. सून नारळ घ्यायला थांबली आणि मी रांगेतून पुढे सरकले. गाभाऱ्यासमोर आले. हार दिसले, साडीचा काठ दिसला. देवीच्या मुखाच्या जागी तोच डाग. तोंडातून निघून गेलं, "हार दिसतात, तोंड तेवढं नाही. आता तूही दिसू नकोस!"

मागे उभी असलेली बाई म्हणाली, "मधलं दिसत नाय काय, आजी? माझ्या सासूचं तसंच हाय. सरळ नको बघू. बाजूच्या समईकडं बघ आणि नजर तिथंच ठेव."

मला रागच आला. तरी बघितलं. समई डागात बुडाली आणि तिच्या कडेला देवीचं मुख वर आलं. अंधुकच, पण कपाळावरचं कुंकू ओळखू आलं. मी हात जोडले. विचारायचं होतं ते राहूनच गेलं.

सून आली तेव्हा रांग पुढे गेली होती. मी तिला त्या बाईचं सांगितलं.

"कोण होती? दिसायला कशी?"

"तोंड कुठे दिसलं गं मला? हिरव्या बांगड्या होत्या, एवढंच."

तशा बांगड्यांच्या बायका देवळात पन्नास तरी होत्या. ती सापडली नाही.

पुढे नजर आणखी उतरली. डॉक्टरांनीही नंतर तसंच कडेने बघायला शिकवलं, म्हणजे त्यात चमत्कार काही नव्हता. पण मी आता देवीकडे डोळे मागत नाही. त्या दिवशी मी तिच्याशी भांडायला निघाले होते, आणि तिने त्या बाईला आधीच माझ्या मागे आणून उभं केलं होतं, एवढंच मी मानते.