भाऊ ज्या खात्यात होता

सकाळी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचं आणि दुपारी कंपन्यांना सल्ले द्यायचे, अशी माझी बरीच वर्षं गेली. आई मात्र आमच्या सांडोर गावातल्या शेजारणींना "लेक मास्तरीण आहे" एवढंच सांगायची. सल्ल्याचे पैसे मिळतात हे तिला कधी पटलं नाही. आमच्या घरात तो फुकट मिळतो, तोही न मागता.

एकदा वसई पूर्वेच्या एका कारखान्याचं काम आलं. पॅकिंगचं खातं चालू ठेवावं की ते काम बाहेर द्यावं, एवढाच प्रश्न होता. त्या खात्यात माझा धाकटा भाऊ सुपरवायझर. मी मालकांना पहिल्याच भेटीत ते सांगितलं आणि नको म्हटलं. ते हसले.

"मॅडम, सोनारानंच कान टोचलेले बरे. तुमच्या शब्दावर तुमचा भाऊ तरी शंका घेणार नाही."

स्तुती मला लगेच चढते. काम घेतलं.

पाहणीच्या दिवशी खातं दाखवायला भावालाच पाठवलं होतं. "मॅडम, इकडून या. पट्टा चालू आहे, जपून." सगळ्यांसमोर तो ताई म्हणाला असता, तर माझ्या अहवालाला कुणी विचारलं नसतं, हे त्याला कळत होतं. मला अभिमान वाटला आणि रागही आला. एवढं शहाणं कशाला असावं माणसानं?

खातं बंद करा, असं मी लिहिलं. हिशेब तेच सांगत होता. आजही तेच सांगेल. भावाची नोकरी गेली. आई फोनवर म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. बोलू कुणाला?" भावाचा फोन आलाच नाही.

भाऊबीजेला विरारच्या फ्लॅटमध्ये मी पाट मांडला, तबक तयार ठेवलं, आणि तो येणार नाही असा अंदाज बांधला. अंदाज बांधणं हाच तर माझा धंदा. दुपारी त्याचं ताट झाकून ठेवलं.

संध्याकाळी तो आला. वाडीतल्या केळ्यांची फणी ओट्यावर ठेवली, डोक्यावर रुमाल घेतला आणि पाटावर बसला. मी ओवाळलं.

"काम मिळालं का कुठे?"

"बघतोय." मग निरांजनाकडे बघत म्हणाला, "बाकीचे भांडायला तयार होते, ताई. युनियनकडे जाणार होते. मीच थांबवलं त्यांना. म्हटलं, माझी बहीण आहे ती. तिनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."